अर्जुनसाल, जांभळी कुपी आणि पाकिटावरचं '४० पट'

प्रश्न ठाण्यातल्या एका ताईंचा आहे. वडील ६८ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारतात. तिथल्या मंडळींपैकी कुणीतरी अर्जुनसालीच्या चूर्णाचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'व्हिटॅमिन सीच्या ४० पट अँटिऑक्सिडंट'. ताई विचारतात, झाडाच्या सालीत असं काय असतं? हा आकडा खरा मानायचा का? बाबांना द्यायचं का? आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीला अर्जुनाचं झाड असताना पाकीट विकत कशाला घ्यायचं?

ताई, मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. महापे आणि रबाळे इथल्या प्रयोगशाळांत वनस्पतींचे अर्क तपासण्यात माझी २६ वर्षं गेली. असले '४० पट'वाले आकडे ज्या टेबलावर तयार होतात, त्याच टेबलाशी मी उभा असायचो. म्हणून आकड्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे डीपीपीएच नावाची भुकटी असते. मिथेनॉलमध्ये विरघळवली की पिकल्या जांभळासारखा गडद रंग येतो. या रेणूवरचा एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणजे हा स्वतःच एक फ्री रॅडिकल. पण स्वभावाने इतका शांत की बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवता येतो. त्यात सालीचा अर्क घातला की अर्कातली फिनॉल जातीची संयुगं आपला हायड्रोजन त्याला देऊन टाकतात, जोडी जुळते आणि जांभळा रंग उतरत उतरत पिवळा होतो. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरवर यंत्र मोजतं. निम्मा रंग उडवायला अर्क जितका कमी लागला, तितकी त्याची अँटिऑक्सिडंट ताकद, म्हणजे फ्री रॅडिकल विझवण्याची ताकद, जास्त. अर्धा तास अंधारात ठेवायचं, वाचन घ्यायचं, झालं. यात माणूस नाही, उंदीरसुद्धा नाही. एक काचेची कुपी आणि एक रंग.

आता '४० पट'. शुद्ध व्हिटॅमिन सीच्या ४० पट भरणारी साल मी तरी या टेबलावर पाहिलेली नाही. अर्जुनाचा चांगला अर्क त्याच्या आसपास पोचतो, तेच पुष्कळ झालं. मग ४० कुठून येतात? सोपं आहे. एका बाजूला मिथेनॉलमध्ये काढून पूर्ण आटवलेला कोरडा अर्क घ्यायचा, दुसऱ्या बाजूला संत्र्याचा रस घ्यायचा आणि दोन्हींची ग्रॅमला ग्रॅम तुलना करायची. रसात बहुतेक पाणीच असतं. पाण्याशी कुस्ती खेळून कोण जिंकणार नाही? शिवाय अर्क मोजलेला आणि पाकिटात भरलेलं साधं दळलेलं चूर्ण, असंही सर्रास चालतं. काही जण तर अर्कात थोडं गॅलिक ॲसिड मिसळतात, तेही फिनॉलच. स्वस्तात मिळतं, रंग झपाट्याने उडतो, रिपोर्ट देखणा येतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशाच आकड्यांची, ओरॅक नावाची, मोठी यादी तयार केली होती. २०१२ साली त्यांनी ती स्वतःच संकेतस्थळावरून काढून टाकली. कारण सरळ होतं: नळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि विक्रेते मात्र ते जाहिरातीत वापरतात. तरी आपल्याकडच्या पाकिटांवर हे आकडे अजून सुखाने नांदतायत.

पण म्हणून सालीत काही नसतंच, असंही समजू नका. साल ही झाडाची फार श्रीमंत जागा आहे. झाडाला पळता येत नाही. ऊन, बुरशी, खोडकिडे, माकडांच्या नखांचे ओरखडे, सगळं खोडावरच सोसायचं. बाहेरची साल मेलेल्या पेशींची, आतली जिवंत, आणि या आतल्या थरातच पानांनी बनवलेली साखर खाली मुळांकडे वाहत असते. साखर आहे म्हणजे चोर आले. त्यांना दूर ठेवायला झाड तिथे टॅनिन भरून ठेवतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतात. किड्याने साल चावली की त्याची पाचक प्रथिनं आखडतात, बुरशीची विकरं, म्हणजे एन्झाइम, निकामी होतात. तुम्ही बाभळीच्या सालीचा तुकडा चघळलात की जीभ आवळल्यासारखी होते ना, ते लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटल्यामुळे. आयुर्वेद त्याला कषाय रस म्हणतो. हेच टॅनिन चामडं कमावायला लागतात. आणि नायलॉन येण्याआधी कोळी लोक सुती जाळी सालीच्या काढ्यात बुडवायचे तेही याचसाठी, खाऱ्या पाण्यात सूत लवकर कुजू नये म्हणून. सालीला 'औषधी' म्हणण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं, की झाडाने हे सगळं तुमच्या-माझ्यासाठी बनवलेलं नाही. ते कुणीतरी आपल्याला खाऊ नये म्हणून बनवलंय.

रंग उडवण्याची करामत याच रेणूंच्या घडणीत आहे. रेणूतल्या कार्बनच्या कडीवर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असल्या की हायड्रोजन सहज सुटतो आणि मागे उरलेला रेणू फारसा बिथरत नाही, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन सगळ्या कडीवर पसरून बसतो. असे रेणू लोखंड आणि तांब्याचे अणूही पकडतात. एक गंमत सांगतो. घरी अर्जुनसालीचा काढा लोखंडी कढईत करून बघा, काळा ठिक्कर होईल. हिरड्याची शाई पूर्वी अशीच करत. टॅनिन आणि लोह यांची गाठ पडली की काळानिळा रंग येतो. 'कॅटेचिन' हा शब्द तुम्ही ग्रीन टीच्या डब्यावर वाचला असेल. तो शब्द आला विड्याच्या पानातल्या काताच्या परदेशी नावावरून, कॅटेच्यूवरून. आणि ठाणे-रायगडच्या डोंगरांतले कातकरी, त्यांचं नाव पडलं ते याच कात पाडण्याच्या धंद्यावरून. कात मात्र खैराच्या सालीतून नाही, लाकडाच्या तांबड्या गाभ्यातून काढतात. विषयांतर झालं, पण ग्रीन टी पिणाऱ्याला आपल्या मागच्या डोंगराशी असलेलं नातं ठाऊक असावं.

अर्जुनात टॅनिनच्या जोडीला ट्रायटर्पिन जातीची संयुगं असतात: अर्जुनोलिक ॲसिड, अर्जुनिक ॲसिड, अर्जुनजेनिन. फ्लेव्होनॉइड असतात. आणि कॅल्शियम तर इतकं की आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथात, या सालीच्या राखेची मर्यादा २५ टक्के धरलीय. दुसऱ्या कुठल्या वनौषधीची २५ टक्के राख आली असती तर मी माती मिसळलीय म्हणून माल परत पाठवला असता. इथे ते सालीतले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुलांसारखे दिसतात, सुंदर.

आता हे सगळं पोटात गेल्यावर. सालीतले मोठे टॅनिन आतड्यातून रक्तात जवळपास शिरतच नाहीत, रेणू फार थोराड असतात. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करतात, ते तुकडे रक्तात येतात, यकृत त्यांना सल्फेट नाहीतर ग्लुकुरोनाइड डकवून मूत्रावाटे बाहेरची वाट दाखवतं. रक्तात सापडतं ते प्रमाण बहुधा लिटरमागे एखाद्या मायक्रोमोलच्या आतबाहेर. तिथे आधीपासून युरिक ॲसिड बसलेलं आहे काही शे मायक्रोमोल. तेही अँटिऑक्सिडंटच. पेशींच्या आत ग्लुटाथायोन आहे, ते तर मिलिमोलमध्ये, म्हणजे मायक्रोमोलच्या हजारपटीत. तेव्हा काढा पिऊन शरीरातले फ्री रॅडिकल विझवणं म्हणजे मासुंदा तलावात तांब्याभर पाणी ओतून पायरी बुडाली का बघत बसणं.

मग फायदा होत असेल तर कुठल्या वाटेने? आज ज्या वाटेकडे अभ्यासक बघतायत ती वेगळी आहे. हे रेणू पेशीला किंचित डिवचतात. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन आहे. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं, डिवचल्यावर सुटतं आणि पेशी आपली स्वतःची संरक्षक विकरं जास्त बनवायला लागते. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातले आपणहून पसारा आवरायला घेतात, तसं. पाहुण्यांनी येऊन केर काढलेला नसतो. आणि हेच रेणू, लोह-तांब्याच्या संगतीत आणि जास्त मात्रेत, उलट हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात हेही नळीत दिसतं. अँटिऑक्सिडंट हा त्यांचा कायमचा स्वभाव नाही, परिस्थितीप्रमाणे बदलणारी वागणूक आहे.

'अँटिऑक्सिडंट आहे ना, मग घेतलं तर बिघडतं कुठे?' हे वाक्य ऐकलं की मला फिनलंड आठवतं. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. बीटा कॅरोटिन काही सालीतलं नाही, पण तर्क तोच होता: नळीत चांगलं म्हणजे माणसात चांगलं.

अर्जुनावर माणसांत काम झालंय आणि ते आपल्याच देशात झालंय. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय निकामी होत चाललेल्या १२ रुग्णांवर सालीचा अर्क वापरला, ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, नेहमीच्या औषधांच्या जोडीला. सुधारणा दिसली, पण १२ म्हणजे एका रिक्षा स्टँडवरची माणसं. २००१ साली जयपूरहून १०५ हृदयरुग्णांचा अभ्यास आला. सालीचं चूर्ण, व्हिटॅमिन ई आणि निष्क्रिय गोळी असे तीन गट, महिनाभर. अर्जुनाच्या गटात कोलेस्टेरॉल उतरलं. रक्तातल्या मेदांचं ऑक्सिडेशन व्हिटॅमिन ई आणि अर्जुन दोघांतही कमी झालं, आणि त्यात व्हिटॅमिन ई पुढे होतं. पाकीटवाल्यांनी हे वाचलं तर '४० पट'ची पंचाईत होईल. २०१६ साली दिल्लीच्या एम्समधल्या मंडळींचं काम प्रसिद्ध झालं: १०० रुग्ण, पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे, निष्क्रिय गोळीशी तुलना. हृदयाची रक्त फेकण्याची ताकद, जी इकोच्या रिपोर्टवर ईएफ म्हणून येते, ती वाढली नाही. दैनंदिन हालचाल आणि लक्षणं यांत काही बाबतींत थोडा फरक दिसला.

माझं मत विचाराल तर अर्जुन हे टाकाऊ औषध नाही. आयुर्वेदाचार्य वाग्भटापासून ते हृदयाशी जोडलेलं आहे आणि एवढी शतकं उगाच कुणी साल उकळत बसलं नसेल. पण त्याची जी काही किंमत आहे ती जांभळा रंग उडवण्यात नाही. आणि अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवलेल्या माणसाच्या गोळ्यांची जागा घेण्याइतकी तर नाहीच नाही.

आता ज्या गोष्टीने मला नोकरीत सर्वांत जास्त छळलं ती सांगतो: पाकिटात आहे ती साल कुणाची? बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून 'अर्जुनसाल' आली. रंग उडवण्यात अव्वल, एकूण फिनॉल भरपूर. खरेदी खात्यातले खूश. मी टीएलसीच्या पट्टीवर, जिथे अर्कातली संयुगं वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटी होतात, चढवली तर अर्जुनजेनिनचा ठिपका असायला हवा तिथे नुसताच पुसटसा डाग. पोत्यातले अखंड तुकडे मागवून बघितले, तर ऐनाची साल. ऐन अर्जुनाचा सख्खा चुलतभाऊ, टॅनिनला तोही भक्कम. गोंधळ नावापासूनच सुरू होतो. सादडा म्हणून काही भागांत अर्जुनाला हाक मारतात, काही भागांत ऐनाला. दळलेलं चूर्ण बघून ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही. खोड बघितलं तर मात्र शाळेतलं पोरही सांगेल. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, राखाडी-पांढुरकं, पातळ पापुद्रे सुटणारं, साल आतून गुलाबीसर. ऐनाचं काळपट आणि खोल चिरा पडलेलं, मगरीच्या पाठीसारखं. ठाण्यातल्या येऊरच्या वाटेवर दोन्ही शेजारी दिसतील. फळांवर विसंबू नका, दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. तर ताई, अँटिऑक्सिडंटचा आकडा चुकीच्या सालीलाही उत्तम येतो. या एकाच कारणासाठी मी तो आकडा शेवटी बघतो.

अशोकाचं तर आणखी वाईट. स्त्रियांच्या औषधांत सीता-अशोकाची साल लागते. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत ओळीने उभे केलेले ते उंच, लोंबत्या पानांचे 'अशोक' मुळात अशोक नाहीतच, खोटा अशोक, आसुपालव. त्यांची साल खऱ्या अशोकाच्या नावाने विकली जाते हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

म्हणून सोसायटीतलं तुमचं झाड अर्जुनच आहे असं धरलं तरी सांगतो, त्याला हात लावू नका. साखर आतल्या सालीतून वाहते हे वर सांगितलंच. खोडाभोवती गोल पट्टा काढला की मुळं उपाशी मरतात आणि वर्ष-दोन वर्षांत झाड जातं. राज्याचा १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, त्यात तोडणं म्हणजे फक्त करवत लावणं नाही, झाडाला इजा करणंही आलं. येऊरचं जंगल तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथून पानसुद्धा आणायचं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी शहरातली साल खाण्यालायक नसते. साल स्पंजासारखी असते. रस्त्याची धूळ, वाहनांच्या धुरातले जड धातू वर्षानुवर्षं तिच्या भेगांत बसतात. हवेचं प्रदूषण मोजायला झाडांच्या साली तपासतात त्या याचसाठी. त्यावर सोसायटीने फासलेला गेरू-चुना, पेस्ट कंट्रोलवाल्याची फवारणी, दिवाळीच्या माळांचे खिळे. याचा काढा बाबांना द्यायचा?

उपवनच्या कट्ट्यावर दालचिनीचंही निघालं असणार, पुढचा प्रश्न तोच येईल म्हणून आत्ताच लिहितो. दालचिनी हीही सालच, आणि तिच्यातला नावाचा घोटाळा जास्त महागात पडतो. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये दोन माल मिळतात. पातळ, कागदाच्या सुरळीसारखी अनेक थरांची, नखाने मोडणारी, ती खरी दालचिनी. जाड, कडक, एकाच थराची, जिभेला झणका देणारी, तो तज, म्हणजे कॅशिया. अन्न सुरक्षेच्या नियमांतही दोघांची मानकं वेगळी आहेत, पण किराणा दुकानात दोघांना एकच बरणी. तजात कूमारिन असतं, किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास. संवेदनशील माणसाच्या यकृताला ते त्रास देतं. युरोपातली मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. तजाची २ ग्रॅम पूड म्हणजे तेवढं झालं, आणि २ ग्रॅम म्हणजे लहान चमचासुद्धा भरत नाही. मसालेभातात पडते तेवढ्याची चिंता नको, रोज चमचाभर मधातून चाटण्याची करा. खऱ्या दालचिनीत कूमारिन नगण्य असतं. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांतून होते ती ही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचं वाणही दिलंय. घ्यायचीच तर ती घ्या.

आता बाबांचं. कुठल्याही परिस्थितीत चालू गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत. स्टेंटनंतर रक्त गोठू नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्या मनाने थांबवणं म्हणजे स्टेंटमध्ये गुठळीला आमंत्रण. त्यांना वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारोलसारखी गोळी चालू असेल, जिच्यासाठी वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावं लागतं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही नको. लोहाच्या गोळ्या असतील तर काढा त्यांच्या वेळेपासून दोन-तीन तास दूर ठेवा, कढईत जे काळं झालं तेच पोटात होतं आणि लोह वाया जातं. टॅनिनने बद्धकोष्ठ होतं, हृदयरुग्णाने कुंथणं बरं नाही. दातावर किंवा मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया ठरली असेल तर अर्जुन चालू असल्याचं त्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

डॉक्टर हो म्हणाले आणि एखाद्या जाणत्या वैद्यांनी मात्रा ठरवली, तर मी चूर्णापेक्षा क्षीरपाक, म्हणजे दुधातला काढा, निवडेन. जुनं प्रमाण आहे औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड साल, ४० मिली दूध, १६० मिली पाणी, मंद आचेवर दूध उरेपर्यंत आटवायचं आणि गाळायचं. स्टीलच्या भांड्यात, लोखंडी नको. दुधातलं केसिन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे तुरटपणा आणि पोटाचा त्रास कमी होतो. पाण्यात न विरघळणारे ट्रायटर्पिन दुधाच्या स्निग्धांशात बरे उतरतात. माझ्या जांभळ्या कुपीत हाच क्षीरपाक घातला तर निव्वळ काढ्यापेक्षा आकडा कमी येईल. येऊ दे.

अखंड सालीचे तुकडे मिळाले तर तेच घ्या, चूर्ण नको. आणि ते पाकीट डॉक्टरांकडे नेताना पुढच्या बाजूचा फोटो दाखवू नका, पाकीटच न्या. मागे बारीक अक्षरांत वनस्पतीचं लॅटिन नाव, बॅच नंबर आणि आयुर्वेदिक परवान्याचा क्रमांक आहे का ते आधी घरी बघा. तिन्हींपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तर डॉक्टरांचा वेळ घेऊ नका, ते उघडायचंच नाही.